मटकी भरून आलेली बाटली

दादाला माहीत नाही. आईला नाही, आबांना नाही. होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या मैत्रिणीला मी माझं जवळजवळ सगळं सांगते — तिलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आमच्या काटेवाडीच्या घरी तुम्ही कधी चहाला येणार नाही, पुढच्या खोलीत बसून त्या शोकेसकडे बघणार नाही.

शोकेसपासूनच सुरू करते. तेच त्यातल्या त्यात सोपं आहे.

आईचा मावसभाऊ अमेरिकेत असतो. विलासमामा. तो आला की काही ना काही आणतो, आणि आई ते काचेआड ठेवते. कधीच न वापरलेल्या साबणाच्या वड्या, डोळे मिटणारी बाहुली, अत्तराची बाटली. आणि तपकिरी काचेच्या तीन बाटल्या. त्यांच्यावर निळ्या समुद्राचं चित्र आहे, समुद्राच्या काठावर हिरवी, हृदयाच्या आकाराची पानं. खाली इंग्रजीत नाव — कावा. लांबच्या बेटांवर लोक या झाडाची मुळी कुटून पाण्यात कालवून पितात, त्यानं मन निवतं, झोप लागते, असं मामा म्हणाला होता. तिकडे आता तिच्या कॅप्सूल मिळतात. आबांना साखर कारखान्याच्या निवडणुकीपासून झोप लागत नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी आणल्या होत्या. आबांनी बाटली हातात घेतली, मला नाव वाचायला लावलं, आणि हसत सुटले.

“कावा! नाव बघा औषधाचं. आन् ह्ये मी पोटात घालू व्हय? ठिवा तितं शोकेसात, दिसाय तरी बरं हाय.”

सगळे हसले. मीही हसले. पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. मी तेव्हा बारावीला होते.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मी फार बोलत नाही. बारामतीच्या इंग्रजी शाळेत शिकले, पण तिथेही मागच्या बाकावर. घरात मात्र माझी एक जागा होती. खताच्या पोत्यावर इंग्रजी असलं, फवारणीच्या डब्यावर असलं, पंपाच्या मोटारीवर असलं, की हाक यायची — “वाच गं, काय लिवलंय?” मी वाचायची आणि मराठीत सांगायची. पडताळून बघणारं कुणी नव्हतं. मी सांगेन तेच त्यावर लिहिलेलं असायचं. एवढ्याशा मुलीला असं काही मिळालं, तर ती त्याचं काय करते? मला वाटायचं, मी काहीच करत नाही. नुसतं वाचते.

शालनवहिनी वरकुट्याची. तिच्या माहेरी अजून थोडी मेंढरं आहेत. आमची आजोबांच्या काळातच विकली, कालव्याचं पाणी आलं तसे आम्ही उसाचे झालो. वहिनी घरात आली ती हसतच. मला ‘वन्सं’ म्हणायची आणि वर ‘मॅडम’ही म्हणायची. “वन्संमॅडम, विंग्रजीत भाकरीला काय म्हणत्यात ओ?” मी सांगितलं की म्हणायची, “न्हाय गोड लागत. आपली भाकरच बरी.” मी ज्यांच्याशी न अडखळता बोलू शकत होते, अशी ती बहुधा एकटीच होती.

सोनी दीड वर्षाची झाली आणि वहिनीला खोकला लागला. मग ताप. मग ती वाळत गेली. बारामतीच्या डॉक्टरांनी फोटो काढला, थुंकी तपासली आणि सांगितलं — टीबी. गोळ्या घेतल्या तर पूर्ण बरी होईल, पण एकही दिवस चुकवायचा नाही, कितीही महिने लागोत.

हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नाही. गावात ‘अशक्तपणा’ सांगितला. वहिनीचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. तिचं अंथरूण ट्रॅक्टरच्या शेडला लागून असलेल्या खोलीत गेलं. सोनीला तिच्यापासून लांब ठेवलं. गोळ्यांची पाकिटं माझ्याकडे आली, कारण नावं इंग्रजीत होती. रोज सकाळी मी तिला गोळ्या द्यायची. लाल गोळीनं लघवी लाल व्हायची, तर वहिनी त्याचीही थट्टा करायची. “वन्सं, मला न्हाय वाटत मी माणूस हाय. बीट हाय बीट.”

ती शेडची खोली — तिची आणि माझ्या अभ्यासाच्या खोलीची भिंत एकच होती.

इथे मी थांबते आहे. पुढचं लिहायला हात वळत नाही. पण भिंतीचं सांगितल्याशिवाय बाकीचं खोटं होईल.

अंधार पडला की सोनी माडीवर रडायची, आईपाशी जायचं म्हणून. ते ऐकून वहिनी पलीकडे रडायची. मोठ्यानं नाही — उशीत तोंड घालून. मग खोकला. मग बाजेची करकर. मग भिंतीवर हलकी टकटक. “वन्सं, जाग्या हाय का? बोला की कायतरी.” पहिले काही दिवस मी उठून दारात बसायची, बोलायची. ती विचारायची, “मला माहेरी धाडून देणार हायत का ओ? सोनीला ठिवून घेणार का?” मी ‘नाही’ म्हणायची. माझी परीक्षा जवळ आली होती. टकटक ऐकू आली की मी पुस्तक आपटून मिटायची, रागानं.

एकदा दुपारी घरात कुणी नसताना मी शोकेस उघडली.

मी लेबल वाचलं. हे नीट समजून घ्या — सगळं वाचलं. पुढची बाजू आणि मागची, बारीक अक्षरांचीसुद्धा. तिथे लिहिलं होतं की दारूबरोबर घेऊ नये. इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर असताना, अंगावर पाजत असताना घेऊ नये. गुंगी येऊ शकते, गाडी चालवू नये. दिलेल्या प्रमाणापेक्षा जास्त घेऊ नये, सलग बरेच दिवस घेऊ नये. कातडी पिवळट किंवा कोरडी, खवलेदार झाली तर ताबडतोब बंद करावं. काविळीबद्दल, यकृताबद्दल त्या बाटलीवर काही नव्हतं — हे मी माझ्या बाजूनं लिहीत नाही. जे होतं तेवढं पुरेसं होतं. मला एकही शब्द अडला नव्हता.

संध्याकाळी मी एक बाटली वहिनीकडे नेली, झोप लागेल म्हणाले; तिनं ती हातात घेऊन फिरवून बघितली. तिनं विचारलं — मी नाही, तिनं विचारलं — “डाक्टरला इचारायचं का एकदा? एवढ्या गोळ्या चालू हायत म्हणून म्हणते.”

मी म्हणाले, “कशाला? मुळी आहे ती. झाडपाला. त्यानं काही होत नसतं.”

आमच्याकडे झाडपाला म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. गोळीला माणसं भितात, इंजेक्शनला भितात. पाल्याला, मुळीला कोण भिणार? मला हे माहीत होतं. म्हणूनच मी तो शब्द वापरला.

गोळ्या गिळून गिळून तिचा घसा कंटाळला होता, म्हणून तिनं कॅप्सूल उघडून पूड दुधात टाकली. प्यायली आणि डोळे मोठे केले. “अगं बया! जीभ बधिर झाली की ओ. आता सासूबाईंला बरं वाटंल.” आम्ही दोघी हसलो. तिचं ते शेवटचं मोकळं हसणं असेल का? मला खरंच आठवत नाही. मला ते तसं आठवायला आवडतं, एवढंच.

त्या रात्री टकटक झाली नाही. मी शांतपणे अभ्यास केला.

पहिल्यांदा एकच कॅप्सूल द्यायची. मग ती मागायला लागली, आणि मी दोन दिल्या. मग सकाळीही एक, कारण ती दिवसा रडायला लागली की आई तिच्यावर चिडायची. पहिली बाटली संपली. मी तिला झाकण घट्ट लावलं, आत होता तसा कापूस ठेवला आणि शोकेसमध्ये परत जागेवर ठेवली. तपकिरी काच आहे — बाहेरून काही दिसत नाही. दुसरी काढली.

वहिनीच्या पायांच्या नडग्या कोरड्या पडायला लागल्या. कातडी पिवळट, वर पांढरे खवले, मासोळीसारखे. तिनं मला दाखवलं. “वन्सं, ह्ये काय झालंय बघा की.” मी बघितलं. ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढे आलं, अक्षरांच्या आकारासकट. मी आत गेले आणि खोबरेल तेलाची वाटी घेऊन आले. “थंडीनं झालंय,” म्हणाले. तिच्या पायांना मी स्वतः तेल लावलं. किती प्रेमळ दिसत असेन, नाही?

तेव्हा थांबता आलं असतं. त्याआधीही आलं असतं. परीक्षा व्हायची होती.

मग एक दिवस आईनं तिला उन्हात बोलावलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या आणि दादाला हाक मारली. दादानं जीप काढली. दादा, ती आणि मी — मी, कारण डॉक्टर इंग्रजी शब्द वापरतात आणि मला ते कळतात. वाटेत दोन्ही बाजूंना तुरा आलेला ऊस होता. वहिनी खिडकीला डोकं टेकून झोपली होती. खड्ड्यात गाडी आदळली तरी जागी होत नव्हती.

डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं. डोळे बघितले. मला म्हणाले, या गोळ्यांनी काहींना कावीळ होते, पण आपण आधी नीट विचारू. मग ते सावकाश, मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत बोलले. मला तो प्रश्न अजून शब्दन् शब्द पाठ आहे. “या गोळ्यांशिवाय दुसरं काही दिलंय का? आयुर्वेदिक, झाडपाला, गावठी, काहीही? एनीथिंग एल्स? लपवू नका. रागावणार नाही मी.”

दादा म्हणाला, “मला न्हाय माहीत. औषिधाचं हीच बघती.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाटली माझ्या कपाटात होती, अर्धी. मला फक्त एक शब्द उच्चारायचा होता. नुसतं नाव.

मी म्हणाले, “नो, डॉक्टर. नथिंग एल्स.”

किती स्वच्छ उच्चार होते माझे! शाळेत कधी इतकं न अडखळता बोलले नव्हते. म्हणून हे मी मराठीत लिहिते आहे.

त्यांनी वहिनीलाही विचारलं. तिनं जड डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं — बराच वेळ — आणि म्हणाली, “न्हाय ओ डाक्टर. वन्सं देत्यात तेवढंच खाते.”

तिला वाटलं असेल की मी काहीतरी विचार करूनच नाही म्हणाले. मी शिकलेली. मला कळत असणार. की तिला मला सांभाळून घ्यायचं होतं? मी हा प्रश्न इतक्यांदा फिरवून बघितला आहे की त्याच्या कडा झिजल्या आहेत.

डॉक्टरांनी सांगितलं, टीबीच्या गोळ्या तूर्त थांबवा. कावीळ उतरली की एकेक करून परत सुरू करू, रक्त तपासत तपासत. बंद नाही करायच्या, थांबवायच्या. हा फरक त्यांनी मला इंग्रजीतूनही सांगितला, घरी नीट समजावून सांग म्हणून.

घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं आणि पाकिटं मागितली. “ह्या गोळ्यांनीच पोरीचं रगत पिवळं केलं. आता एक गोळी न्हाय जायची तिच्या पोटात. उसाचा रस द्या, ताक द्या, झाडपाल्याचं काय असंल ते द्या.” आबांनी ती पाकिटं उचलली आणि मागच्या उकिरड्यात टाकली. मी म्हणाले, “डॉक्टर म्हणाले, नुसत्या थांबवायच्या.” एकदाच म्हणाले, हळू आवाजात. आबांनी “काय?” असं विचारलं. मी म्हणाले, “काही नाही.”

तुम्हाला दिसतंय ना काय झालं ते? डॉक्टरांपुढे दोन संशयित असायला हवे होते. मी एक लपवला, म्हणून दुसऱ्यावर सगळा आळ आला. ज्या गोळ्यांनी ती जगणार होती, त्या उकिरड्यात गेल्या. आणि मुळीची बाटली माझ्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली, जपून राहिली.

कदाचित कावीळ टीबीच्या गोळ्यांनीच झाली असेल. कदाचित मुळीनं. कदाचित दोन्ही एकत्र आल्यानं. मला माहीत नाही. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी शोधलं असतं. शोधायची संधीच मी ठेवली नाही.

मी तिला कॅप्सूल देणं बंद केलं, असं तुम्हाला वाटलं असेल. हो, काही दिवस बंद केलं. डोळ्यांचा पिवळेपणा थोडा उतरला. पण टकटक परत सुरू झाली. पूर्वीपेक्षा जोरात, कारण आता तिला खरंच कळलं होतं की तिला वरकुट्याला पाठवणार आहेत. मी दुसरी बाटलीही संपवली आणि पहिलीसारखीच शोकेसमध्ये परत ठेवली.

ती माहेरी गेली, तेव्हा सोनी आमच्याकडे राहिली. जीपमध्ये बसताना वहिनीनं सोनीला लांबूनच हात केला. जवळ घेतलं नाही — तिलाच भीती वाटत होती, पोरीला लागेल म्हणून. मला म्हणाली, “वन्सं, हिला वाचाय शिकवा तुमच्यावानी.”

परीक्षा झाली. बरी गेली.

उन्हाळ्यात एका गुरुवारी, बारामतीच्या बाजाराहून परत जाताना, वहिनीचा भाऊ बिरूदादा आमच्याकडे आला. खांद्यावर घोंगडं, हातात आमच्यासाठी आणलेल्या आंब्यांची पिशवी. सगळे पुढच्या खोलीत बसले होते. खोकला पुन्हा वाढला आहे, ती रात्र-रात्र बसून असते, असं तो म्हणाला. मग जरा संकोचून माझ्याकडे वळला.

“तायडीनं निरोप दिलाय. तुमच्या शोकेसात कसलं मुळीचं औषद हाय म्हणं, झोपंचं. त्येवढं वन्संनी द्यावं म्हणाली.”

“कसलं गं?” आईनं विचारलं. मग तिलाच आठवलं. “आगं, विलासनं आणलेलं व्हय? दे की मग. पडूनच तर हाय तितं.”

आबांनीच उठून काच सरकवली आणि मागची, सीलबंद बाटली काढून माझ्या हातात दिली. “थांब. काय लिवलंय ते वाच एकदा. उगं कायतरी नगं व्हायला.”

मी हे सांगायला बसले होते. बाकीचं सगळं इथपर्यंत येण्यासाठी होतं.

आबांनी विचारलं होतं. बिरूदादा ऐकत होता. आई ऐकत होती. दादा दारात उभा होता. सोनी माझ्या पायाशी फरशीवर बाहुलीचे डोळे उघडमीट करत होती. बाटलीची मागची बाजू माझ्याकडे होती. मी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मनात वाचत गेले, आणि तेवढा वेळ सगळे गप्प होते — माझ्यासाठी. मला कुणी घाई केली नाही. तिच्या डोळ्यांतली कावीळ मी बघितली होती. तिच्या नडग्या मी बघितल्या होत्या. यावेळी अभ्यास नव्हता, भिंतही नव्हती. ती वरकुट्याला होती, तिची टकटक मला ऐकू येणार नव्हती. मग का? खरं वाचलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं — तुला हे आधीपासून ठाऊक होतं काय? एवढंच. त्या एका प्रश्नासाठी.

मी म्हणाले, “झोपेसाठी आहे. मुळीचं आहे. अपाय नाही.”

“किती खायाचं?” बिरूदादानं विचारलं.

“रोज एक,” मी म्हणाले. तिला किती लागत होत्या हे मला माहीत होतं. एकीवर ती थांबणार नाही हेही.

त्यानं बाटली घोंगड्याच्या टोकात गाठ मारून बांधली. आई मागाहून मला म्हणाली, “तुझा जीव हाय बाई तिच्यावर.”

पावसाळा संपता संपता निरोप आला.

दहाव्याला आम्ही वरकुट्याला गेलो. मी मागे, बायकांत बसले. माझ्याकडे कुणी वाईट नजरेनं बघितलं नाही. उलट वहिनीच्या आईनं मला जवळ बोलावून घेतलं, माझा हात हातात धरला. “लई नाव काढायची तुमचं. वन्संच्या औषिधानं झोप लागती म्हणायची. शेवटाला तर दिसाचीबी झोपायची. डोळं पार हळदीवानी झालं हुतं बघा, पर तरास न्हाय झाला. झोपंतच गेली.”

मग ती आत गेली आणि बाटली घेऊन आली. तीच. धुऊन पुसून, लेबल जराही फाटू न देता. तिच्यात गळ्यापर्यंत मटकी भरली होती.

“रिकामी कशी द्यायची ओ. मूठभर घातली हाय. आमच्याच रानातली.”

भांडं आलं तर रिकामं परत पाठवायचं नाही, ही आमच्याकडची रीत. बाटली झाली म्हणून काय झालं? माझ्या हातात ती आली तेव्हा जड होती. मी विचार करत होते तो एवढाच — म्हणजे हिच्यातलं सगळं संपलं होतं.

आईनं घरी आल्यावर ती मटकी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी मोड आले, तिसऱ्या दिवशी उसळ झाली. आईनं माझ्या ताटात वाढली. मी खाल्ली. पोळीबरोबर, नेहमीसारखी. मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला.

आणि आईनं बाटली पुसून शोकेसमध्ये ठेवली, बाकीच्या दोघींच्या शेजारी. तिला इंग्रजी येत नाही. जिकडे जास्त लिहिलेलं आहे ती बाजू तिला चांगली वाटली असावी, म्हणून ती तिनं बाहेर केली. पहिल्या दोन बाटल्यांवर समुद्र दिसतो. तिसरीवर बारीक अक्षरं.

दादानं दुसरं लग्न केलं. नवी वहिनी चांगली आहे. घरात सगळे अजून म्हणतात की शालनला त्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी खाल्लं. मागे भावकीतल्या एकाला टीबी निघाला, तेव्हा आईनं त्याच्या घरी जाऊन आमच्या शालनचं उदाहरण दिलं. मी तिथेच बसले होते, चहा पीत. त्याचं पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही.

मी सुट्टीत घरी येते. यायचं टाळता येत नाही. प्रत्येक वेळी वाटतं, बाटल्या उचलाव्यात, कालव्यात टाकाव्यात. पण त्या दिसल्या नाहीत तर आई विचारेल — कुठं गेल्या? म्हणून त्या तिथेच आहेत.

सोनी आता इंग्रजी शाळेत जाते. माझ्याच शाळेत. दादा म्हणतो, आत्यासारखी हुशार निघाली. तिला अक्षरं लागायला लागली आहेत आणि ती दिसेल ते वाचते — बिस्किटाचा पुडा, ट्रॅक्टरवरचं नाव, आबांच्या चष्म्याची डबी. या दिवाळीत मी घरी होते. दुपारची वेळ, आई दारात पणत्या वाळत घालत होती. सोनी शोकेसपुढे उभी होती, काचेवर बोट टेकवून. आधी समुद्राच्या बाटलीवरचं मोठं नाव तिनं वाचलं, एकेक अक्षर म्हणत. मग तिचं बोट तिसऱ्या बाटलीकडे सरकलं.

“डू,” ती म्हणाली. “डू... नॉट.”

पुढचा शब्द तिला आला नाही. तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे वहिनीचे आहेत.

“आत्या, पुढं काय हाय?”

मी दारात जाऊन पणत्या सरळ करायला लागले. ती काचेकडे वळली आणि परत पहिल्यापासून वाचायला लागली.